ओपन ॲक्सेस कॉलेजात रुजवायचा तर वर्कशॉप सोडा, काउंटर धरा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परिस्थिती अशी दिसतेय: तालुक्याच्या गावातलं अनुदानित सीनियर कॉलेज, ग्रंथपाल तुम्ही एकटे, ऑक्टोबरात ओपन ॲक्सेस वीक (संशोधन सगळ्यांना मोफत वाचायला मिळावं यासाठीचा आठवडा) साजरा केला, पोस्टर लावले, बाहेरून वक्ता बोलावला, सर्टिफिकेटं वाटली, फोटो नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलला लागले, आणि आता कित्येक महिन्यांनी रिपॉझिटरी, म्हणजे पेपर खुले ठेवायचा कॉलेजचा ऑनलाइन संग्रह, उघडून बघितली तर आत तुमचे स्वतःचेच पेपर. वर एका सीनियर सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत ऐकवलं की ओपन ॲक्सेस म्हणजे पैसे भरून छापायचा धंदा. आणि तुम्ही विचारताय की प्रचार आणखी कसा करू.

मला नाही वाटत प्रचार कमी पडला. संशोधन सगळ्यांना वाचायला मिळावं याला स्टाफरूममध्ये विरोध करणारा माणूस मी तरी अजून बघितला नाहीये, सगळे माना डोलावतात, चहा घेतात आणि लेक्चरला जातात. गाडी अडते ती खाली, साध्या कामात. माझ्या पेपरची नक्की कुठली फाइल द्यायची, प्रकाशक माझ्यावर केस तर करणार नाही ना, ती फाइल आता आहे कुठे, आणि हे करून मला कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, वेळी काय मिळणार. या प्रश्नांची उत्तरं पेपरागणिक वेगळी असतात, त्यामुळे हॉलमध्ये साठ माणसं बसवून ती देताच येत नाहीत. ती एकेकाला, त्याचा पेपर समोर ठेवून द्यावी लागतात. वीसेक वर्षं कॉलेज लायब्ररीत काढल्यावर माझं मत असं झालंय की ओपन ॲक्सेससाठी वेगळा कार्यक्रम घ्यायचाच नाही, प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थी ज्या कामासाठी आपल्याकडे येतातच त्या कामातच तो घुसवायचा.

अर्थात सगळं सगळीकडे सारखं चालणार नाही. तुमच्याकडे पीएचडी सेंटर आहे की नाही यावर बरंच अवलंबून आहे, सायन्सचा स्टाफ जास्त की मराठी, इतिहास, समाजशास्त्राचा यावरही. आणि कॉलेज वन नेशन वन सबस्क्रिप्शनच्या यादीत आहे का ते आधी बघून घ्या. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने मंजूर केलेली ही योजना, जर्नल्सची वर्गणी सरकार एकत्र भरतं, २०२५ ते २०२७ अशा तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, पण ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी, खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत. यादीत असाल तर प्राध्यापक म्हणणार की आता सगळं मिळतंय, मग ओपन ॲक्सेस कशाला. त्यांना एवढंच सांगायचं की सर तुम्हाला मिळतंय, पण तुमचा पेपर शेजारच्या विनाअनुदानित कॉलेजातल्या मुलाला, कृषी खात्यातल्या माणसाला, किंवा तुमच्याच जुन्या विद्यार्थ्याला जो आता एमआयडीसीत नोकरीला आहे, त्याला मिळत नाहीये. यादीत नसाल तर काम उलट सोपं आहे कारण अडचण प्रत्येकाला रोज जाणवते.

आता काउंटरचं बोलू. पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे प्लेजरिझम चेकिंग, पेपरात उचललेला मजकूर आहे का याची तपासणी. यूजीसीचा नियम २०१८ चा आहे, १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्याच्या वर गेलं की कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात, आणि बऱ्याच ठिकाणी तपासणी लायब्ररीच करते, सॉफ्टवेअर शोधशुद्धी या सरकारी योजनेतून विद्यापीठाला आलेलं असो नाहीतर कॉलेजने घेतलेलं असो. म्हणजे काय झालं बघा, ज्या पेपरची वर्डची फाइल मिळवायला आपण जीव टाकतो ती माणूस स्वतःहून पेनड्राइव्हवर घेऊन आपल्या टेबलाशी येतो. मी तेव्हाच विचारते, सर कुठे पाठवताय? जर्नलचं नाव कळलं की त्याचं सेल्फ-आर्कायव्हिंगचं, म्हणजे लेखकाने आपला पेपर स्वतः खुला ठेवण्याबद्दलचं, धोरण तिथल्या तिथे काढून दाखवायचं, आणि रिपोर्टसोबत एक छोटा कागद द्यायचा, त्यावर दोनच ओळी: पेपर स्वीकारला गेला की शेवटची वर्ड फाइल या ईमेलवर पाठवा, बाकी लायब्ररी बघेल. त्या कागदाने जेवढे पेपर आले तेवढे कुठल्याही भाषणाने आले नाहीत.

इथे एक शंका हमखास येते. पेपर आधी प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे जर्नलला पाठवलेल्याच रूपात, ऑनलाइन टाकला तर नंतर सॉफ्टवेअर त्यालाच चोरी म्हणून दाखवेल ना? दाखवतं, सरळ ९० टक्क्यांच्या वर दाखवतं. पण ते स्वतःच्याच प्रीप्रिंटशी असलेलं साम्य आहे, रिपोर्टमधून तो सोर्स वगळता येतो, आणि वगळलाय हे रिपोर्टवर लिहून सही करायची म्हणजे पुढे कुणी बोट दाखवायला नको. हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं तर माणूस घाबरत नाही, नंतर सांगितलं तर आयुष्यात परत प्रीप्रिंटचं नाव काढत नाही.

कुठली फाइल, हा सगळ्यात जास्त गोंधळाचा भाग, म्हणून जरा सविस्तर. एका पेपरची तीन रूपं असतात. पहिलं, जर्नलला पाठवलेलं, ते प्रीप्रिंट. दुसरं, रिव्ह्यूअरनी सांगितलेले बदल करून संपादकाने स्वीकारलेलं, पण अजून प्रकाशकाने सजवलेलं नाही. तिसरं, जर्नलच्या लोगोसकट, पान नंबरसकट छापून आलेलं पीडीएफ. प्राध्यापकांकडे मागाल तर शंभरातले नव्वद जण तिसरं पाठवतात, आणि सबस्क्रिप्शनच्या जर्नलमध्ये नेमकं तेच टाकायची परवानगी नसते. आपल्याला हवं असतं मधलं. ते सापडायचं कसं? सर म्हणतात कॉम्प्युटर बदलला, फाइल गेली. गेलेली नसते. त्यांच्या ईमेलच्या सेंट फोल्डरमध्ये जायचं, जर्नलचं नाव टाकून शोधायचं, आणि ॲक्सेप्टन्सचा मेल ज्या तारखेला आला त्याच्या अगदी आधी पाठवलेली अटॅचमेंट बघायची, नाव बहुतेक वेळा रिव्हाइज्ड फायनल टू न्यू असलं काहीतरी असतं. ऑनलाइन सिस्टिमवर पाठवला असेल तर लेखकाच्या लॉगिनमध्ये जुनी सबमिशन्स अजून दिसतात. हे त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसून करायचं काम आहे, दहा मिनिटांचं, आणि त्यात तुम्ही त्यांचा पासवर्ड मागायचा नाही, माउस त्यांच्याच हातात ठेवायचा.

मग धोरण. पूर्वी शेर्पा रोमिओ नावाने जी साइट होती ती आता ओपन पॉलिसी फाइंडर झालीय, जर्नलचं नाव टाकलं की कुठलं रूप, कुठे, किती महिन्यांनी टाकता येईल ते सांगते. साधारण अंदाज असा, सेज स्वीकारलेलं रूप संस्थेच्या रिपॉझिटरीत लगेच टाकू देतं, स्प्रिंगरच्या सबस्क्रिप्शन जर्नल्सना १२ महिने थांबावं लागतं, एल्सेव्हियरचं जर्नलनुसार बदलतं, १२ किंवा २४ महिने वगैरे. पण अंदाजावर जाऊ नका, दर वेळी बघा, आणि बघितलेल्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट त्या पेपरच्या फोल्डरमध्ये ठेवा. केसची भीती घालवायला हा स्क्रीनशॉट फार उपयोगी पडतो, सरांना दाखवला की प्रश्न मिटतो. थांबायचं असेल तर फाइल आत्ताच घ्या, रेकॉर्ड आत्ताच करा, आणि उघडायची तारीख लावून ठेवा. नंतर मागू म्हटलं की ती फाइल गेलीच समजा.

मराठीतल्या छोट्या नियतकालिकांचं मात्र वेगळं आहे. त्यांचं धोरण कुठल्याही साइटवर सापडत नाही कारण लिहिलेलंच नसतं. तिथे संपादकांना साधा ईमेल करायचा, की अमुक अंकातला अमुक लेख लेखकाच्या संमतीने कॉलेजच्या संग्रहात खुला ठेवू इच्छितो, खाली आपल्या नियतकालिकाचं नाव, अंक आणि वर्ष देऊ. मला तरी बहुतेकांनी आनंदाने हो म्हटलंय, उलट एकदोघांनी विचारलं की आमचे जुने अंक पण स्कॅन करून द्याल का. फक्त परवानगी तोंडी घेऊ नका, मेलवरच घ्या.

ठेवायचं कुठे यावर माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. एकट्या ग्रंथपालाने डीस्पेस या रिपॉझिटरी चालवायच्या सॉफ्टवेअरच्या मागे लागू नये. डीस्पेस उत्तम आहे, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची रिपॉझिटरी बघा, पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटने जुनी दुर्मीळ पुस्तकं त्यावरच खुली केलीत, पण त्या संस्था आहेत, त्यांच्याकडे माणसं आहेत. सातवी आवृत्ती आल्यापासून त्याला सर्व्हर दमदार लागतो, जावा, पोस्टग्रेस, सोलर आणि समोरचा भाग वेगळा, आणि कॉलेजातला जो मुलगा हे लावून देतो तो पुढच्या वर्षी नोकरीला लागतो, मग अपडेट कोण करणार. एक दिवस सर्व्हर बसतो आणि सगळ्यांच्या लिंका मरतात, आणि एकदा मेलेली लिंक बघितलेला प्राध्यापक परत फाइल देत नाही. त्यापेक्षा झेनोडो या तयार ऑनलाइन संग्रहावर कॉलेजच्या नावाची कम्युनिटी काढा. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलंय, पैसे लागत नाहीत, प्रत्येक रेकॉर्डला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो, एका रेकॉर्डमध्ये ५० जीबीपर्यंत माल बसतो. मात्र काही प्रकाशक फक्त संस्थेची स्वतःची रिपॉझिटरी म्हणतात, तिथे झेनोडो चालेल का ते धोरणात नीट वाचा. आणि पीएचडीच्या प्रबंधांसाठी शोधगंगा हा देशपातळीवरचा संग्रह आहेच, ते काम विद्यापीठाच्या नियमानेच होतं, त्यात आपण वेगळं काही करायचं नाही, फक्त प्रबंध खरंच चढलाय का ते सहा महिन्यांनी शोधून बघायचं.

प्रबंधांवरून आठवलं, मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट जी इंग्रजीतल्या कुठल्याही गाइडमध्ये तुम्हाला मिळणार नाही. फॉन्ट. आपल्याकडे अजून ढीगभर लेखन श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतं, डीटीपीवाला तेच वापरतो. पीडीएफ डोळ्यांना छान दिसतं, पण त्यातली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, काहीतरी इंग्रजी अक्षरांचा काला येतो. म्हणजे गुगलला तो लेख वाचताच येत नाही, शब्द टाकून शोधला तर सापडणार नाही, प्लेजरिझमच्या सॉफ्टवेअरलाही तो दिसत नाही. तुम्ही तो शंभर वेळा ओपन ॲक्सेस करा, जगाच्या दृष्टीने तो कुलपातच आहे. म्हणून माझ्याकडे नियम असा, मराठी लेख आला की आधी नोटपॅड टेस्ट. नापास झाला तर कन्व्हर्टरने युनिकोड करायचा, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासायचे कारण तिथेच घोटाळे होतात, र्‍य तर हमखास तुटतो. फक्त छापील प्रत असेल तर स्कॅन करून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरने ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलायची, ते मराठीला बऱ्यापैकी चालतं, जुन्या खिळ्यांच्या छपाईला जरा कमी. पूर्ण लेख करायला वेळ नसेल तर निदान शीर्षक, लेखकाचं नाव, सारांश आणि पाचसहा शब्द युनिकोडमध्ये, आणि शक्यतो इंग्रजीतही. मराठीच्या एका मॅडमचा लोकगीतांवरचा लेख असा युनिकोड करून टाकला, त्यांना पुढे परगावच्या एका एमएच्या मुलीचा मेल आला की मॅडम तुमचा लेख गुगलवर मिळाला, दुसरा भाग आहे का. त्यानंतर त्या विभागात मला काही सांगावं लागलं नाही, मॅडमच सांगत होत्या.

मानव्यविद्यांच्या लोकांना खुल्या विद्वत्तेचं उदाहरण सायन्सचं देऊच नका, त्यांना जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प दाखवा. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव बायकांकडून जमवलेल्या लाखभराहून जास्त ओव्या, त्यातल्या कित्येक आता पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर कुणालाही ऐकता वाचता येतात. त्यांना लगेच कळतं की नुसता शेवटचा पेपर नव्हे, मूळ सामग्रीही खुली ठेवणं म्हणजे काय.

दुसरा काउंटर म्हणजे कॅस आणि आयक्यूएसीची, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाची, यादी. दर वर्षी आयक्यूएसीवाले पेपरांची यादी मागतात, लोक धावत येतात झेरॉक्स घेऊन. २०१८ च्या यूजीसी नियमांत सायन्सला पेपरमागे ८ आणि कला, भाषा वगैरेंना १० गुण आहेत, त्यामुळे यादी बिनचूक असण्यात प्रत्येकाला रस आहे. इथे ऑर्किड (ORCID), म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख नंबर, काढून द्यायचं. विशेषतः आपल्याकडच्या बायकांना ते मी आग्रहाने काढायला लावते, कारण लग्नाआधीचे पेपर एका आडनावाने, नंतरचे दुसऱ्या, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं ते जर्नलनुसार वेगळं, आणि आद्याक्षरांचा क्रम उलटापालटा. गुगल स्कॉलर त्यांना दोनतीन वेगळ्या बायका समजतो. सोळा आकडी एक नंबर आणि सगळे पेपर एका जागी. ऑर्किड भरताना पेपर एकेक समोर येतोच, तेव्हा प्रत्येकाला विचारायचं, याची स्वीकारलेली फाइल आहे का. यादी तयार होते हे त्यांचं काम झालं आणि फाइल मिळते हे आपलं, दोन्ही एकाच बैठकीत.

आता ते सीनियर सर, पैसे भरून छापायचा धंदा म्हणणारे. त्यांच्याशी वाद घालू नका, ते अर्धे बरोबर आहेत. पैसे घेणारी जर्नल्स आहेत आणि त्यातली काही भयंकर महाग आहेत, नेचरने २०२१ पासून ओपन ॲक्सेससाठी ९,५०० युरो लावले, तेव्हाचे साडेआठ लाख रुपयांच्या आसपास, एवढ्यात आपल्याकडच्या कित्येक लायब्रऱ्यांचं वर्ष निघतं. वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये निवडक चांगल्या ओपन ॲक्सेस जर्नल्समधल्या प्रकाशनासाठी वर्षाला १५० कोटींची वेगळी तरतूद ठेवलीय ती यासाठीच. पण वर जे मी सांगितलं, स्वीकारलेली फाइल रिपॉझिटरीत टाकणं, त्यात एक रुपया लागत नाही. आणि लेखकाकडूनही पैसे न घेता वाचकालाही मोफत देणारी जर्नल्स आहेत, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची प्रमाण, रेझोनन्स वगैरे, अकादमीच्या साइटवर जाऊन कुणीही वाचावीत. सरांना ही साइट उघडून दाखवा, फिजिक्सचे असतील तर प्रमाण त्यांनी ऐकलेलंच असणार, फक्त ते ओपन ॲक्सेस आहे हे डोक्यात नसतं.

उरलेला अर्धा भाग म्हणजे खरोखरचा धंदा, आणि तो आपल्या महाराष्ट्रात किती बोकाळलाय ते तुम्हाला माहीत आहेच. परिषद भरवायची, आलेल्या सगळ्यांचे पेपर कुठल्यातरी आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय जर्नलच्या विशेषांकात, दोन हजार रुपये घ्यायचे. पूर्वी निदान केअर ही मान्य जर्नल्सची यादी होती, पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात तिचं काम चालायचं, ती यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, निकष सुचवले आणि संस्थांनी आपापली व्यवस्था करावी असं सांगितलं. बरेच ग्रंथपाल यावर कुरकुरतायत, मला वाटतं आपल्यासाठी ही जागा मोकळी झालीय. जर्नल चांगलं की वाईट हे आता कॉलेजात कुणीतरी सांगायला हवं, ते आपण सांगायचं. आणि एकदा लोक जर्नल निवडायच्या आधी लायब्ररीत यायला लागले की ओपन ॲक्सेसचं बोलणं आपोआप योग्य वेळी होतं.

हा तिसरा काउंटर. केमिस्ट्रीचे एक सर मोबाइल पुढे करत आले, मॅडम हा मेल बघा, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर, आयएसएसएन आहे, तीन दिवसांत पब्लिश. आम्ही एकत्र बघितलं. आयएसएसएन आहे खरा, पण तो म्हणजे नुसता नोंदणीचा नंबर, भारतात फुकट मिळतो, दर्जाशी त्याचा काही संबंध नाही, हे ऐकून सरांचा चेहरा पडला. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचे संदर्भ किती दिले जातात तो आकडा, कुणी दिला तर कुठल्यातरी न ऐकलेल्या संस्थेने. डीओएजेमध्ये, म्हणजे ओपन ॲक्सेस जर्नल्सची जी तपासून केलेली डिरेक्टरी आहे तिच्यात, नाव नाही. मागचा अंक उघडला तर एकाच अंकात संत साहित्य, जीएसटी आणि नॅनोपार्टिकल. संपादक मंडळातल्या एका परदेशी प्राध्यापकाच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेखच नाही. तीन दिवसांत रिव्ह्यू कोण करणार, हे सरांनीच विचारलं. मी कुठलंच जर्नल बोगस आहे असं लिहून देत नाही, तुम्हीही देऊ नका, आपण काय काय बघितलं ते कागदावर लिहून द्यायचं आणि निर्णय त्यांचा. क्लोन जर्नल्सपासून मात्र फार सावध राहा, जुन्या नावाजलेल्या जर्नलचं नाव आणि नंबर चोरून तशीच साइट काढतात, तिथे आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवरून मूळ साइटचा पत्ता ताडून बघायचा.

तुमच्या प्राचार्यांच्या डोक्यात कॉलेजचं स्वतःचं जर्नल काढायचं आलं असेल, येतंच, तर ओजेएस हे जर्नल चालवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि चांगलं आहे. पण सॉफ्टवेअर हा सोपा भाग. रिव्ह्यू कोण करणार आणि नकार कोण कळवणार, तेही संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकाला, हे आधी विचारा. उत्तर नसेल तर काढू नका.

कुठे खुलं करायचं नाही हेही सांगायला हवं, नाहीतर आपला विश्वास जातो. फार्मसी, इंजिनिअरिंगवाल्यांकडे पेटंट होण्यासारखं काही असेल तर आधी निदान प्रोव्हिजनल अर्ज दाखल होऊ दे, मग प्रीप्रिंट, कारण आधी जगजाहीर केलं की नावीन्य संपलं. समाजशास्त्राच्या मुलाखती, आरोग्याचे सर्व्हे, यांचा मूळ डेटा संमतीशिवाय टाकायचा नाही, आणि नुसतं नाव काढून भागत नाही, छोट्या गावात वय, जात आणि व्यवसाय लिहिला की माणूस ओळखू येतो. प्रबंधाचं पुस्तक करायचं असेल तर प्रकाशकाशी आधी बोलून घ्यायला सांगा. साय-हबचं, म्हणजे प्रकाशकांच्या परवानगीशिवाय पेपर मोफत देणाऱ्या साइटचं, विचारतील, हळू आवाजात विचारतात. मी सरळ सांगते की दिल्ली हायकोर्टात २०२० पासून केस आहे, २०२५ मध्ये साइट ब्लॉक करायचा आदेश झाला, लायब्ररी ती लिंक देणार नाही, पण ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे एक्स्टेन्शन टाकून देते, कायदेशीर मोफत प्रत असेल तर ते ती लगेच दाखवतं, आणि नसेल तर लेखकाला दोन ओळींचा मेल कसा करायचा तेही दाखवते. लेखक बहुतेक वेळा पाठवतात. आणि असा मेल करून फाइल मिळवलेला माणूस स्वतःची फाइल द्यायला पुढे जास्त तयार असतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

धोरणाचं शेवटी. तुम्ही लिहिलंय की प्राचार्यांकडून आधी सक्तीचं परिपत्रक काढून घेऊ का. आत्ता नको. रिकाम्या रिपॉझिटरीवर सक्ती केली की लोक छापील पीडीएफ चढवून मोकळे होतात आणि त्यातले निम्मे नियमाबाहेरचे, मग काढत बसा. आधी एक विभाग धरा, जिथे एखादे तरी सर किंवा मॅडम आपल्या ओळखीचे आहेत, त्यांचे मागच्या दोनतीन वर्षांचे पेपर पूर्ण करा. झेनोडोवर प्रत्येक रेकॉर्ड किती जणांनी बघितलं, किती जणांनी डाउनलोड केलं ते दिसतं, तो आकडा ज्याचा त्याला वैयक्तिक मेलवर पाठवा, स्टाफ मीटिंगमध्ये तुलना करू नका, दुखावतात लोक. सायटेशन वाढतील असं वचन कुणालाही देऊ नका, वाचन वाढतं एवढंच म्हणा. मग कॉलेज डेव्हलपमेंट कमिटीपुढे एक पानी धोरण न्या, त्यात तीनच गोष्टी: स्वीकारलेली फाइल लायब्ररीकडे द्यायची, परवानगी तपासायची जबाबदारी लायब्ररीची, आणि कारण सांगून वगळायची मुभा लेखकाला. तिसरी गोष्ट असली की बाकी दोन पास होतात. डीएसटी किंवा डीबीटीचा, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान किंवा जैवतंत्रज्ञान विभागाचा, पैसा घेतलेला कुणी असेल तर त्यांच्या २०१४ च्या धोरणात ही फाइल जमा करायची अट आधीपासूनच आहे, कमिटीत कुणी आडवं गेलं तर हे कामाला येतं.

ओपन ॲक्सेस वीक घ्यायचाच असेल, नॅकसाठी घ्यावा लागतो मला माहीत आहे, तर वक्त्याऐवजी लायब्ररीत दोन टेबलं लावा, एकावर ऑर्किड आणि एकावर फाइल शोधा, लोकांना आपला लॅपटॉप घेऊन यायला सांगा. फोटो त्याचेही निघतात.

पीएचडी सेंटर आहे का आणि मराठी, इतिहासाचा स्टाफ किती ते लिहा, त्यावर पहिला विभाग कुठला धरायचा ते ठरेल. आणि तो पेपर तपासणीसोबत द्यायचा दोन ओळींचा कागद हवा असेल तर सांगा, माझा मजकूर इथेच टाकते, तुमच्या कॉलेजचं नाव घालून वापरा.